इथं एकदाच इचारतेत

पारामारिबो, सुरीनाम
२ ऑगस्ट २०२५

सुमनआत्यास भाग्यश्रीचा जयभीम.

आत्या, म्या पोचले! इमानात उलटी झाली न्हाय. दोन इमानं बदलली. मधल्या इमानतळावर अशी थंडी हुती की तुमची शाल नसती तर म्या तिथंच लाकूड झाले असते. दादा न्ह्यायला आला हुता. लई जाड झालाय. मला बघून म्हणला, "भागे, तू तर तशीच हायस." म्या काय बोलले न्हाय. मग म्हणला, "लईच तशीच हायस."

फोनवर तुमाला ऐकू येत न्हाय आन तुमी नुसतं "हालो, हालो" करून ठिवून देताव, म्हणून दादानं ही युक्ती काढलीय. म्या कागदावर लिहायचं, दादा फोटू काढून बजरंगच्या मोबाईलवर धाडनार, बजरंग त्येच्या झेरॉक्सच्या दुकानात मोठं करून छापून तुमाला दील. तुमीबी असंच उलटं करा. (बजरंग, तू वाचू नको. म्हायती हाय तू वाचनारच.) मला हेच बरं. तोंडानं बोलायचं म्हणलं की माझे शब्द पळून जातेत, कागदावर न्हाय पळत.

आत्या, हा देश आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याएवढा हाय, आन माणसं आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या निम्मीबी न्हायत! मग बाकी काय? समदं जंगल! इमानातनं खाली बघितलं तर हिरव्या घोंगड्यावानी नुसतं जंगलच जंगल, मधी एक तांबडी नदी, आन पुन्हा जंगल. खिडकीला नाक लावून माझं नाक दुखायलंय.

आन एका गल्लीत माणसं तरी किती परकारची! आमी ऱ्हातो त्ये घर फूलमती आजीचं. तिचा पणजा बिहाराकडनं जहाजात बसून हितं ऊस तोडायला आला. आपल्याकडचे कारखान्याला जातेत तसा. पण त्यो माघारी गेलाच न्हाय. आजी जी बोलते ती हिंदीवानी हाय पण हिंदी न्हाय, निम्मं कळतं. शेजारी वागियेम काकू, तिचे पूर्वज जावा बेटावरनं आले. कोपऱ्यावर चिनी दुकान. आन ज्येंस्नी आफ्रिकेतनं गुलाम करून आनलं हुतं, त्येंच्यातले कितीक पळून जंगलात गेले आन नदीकाठी स्वतःची गावं वसवली, ती गावं अजून हायेत. शहरात मशीद आन ज्यू लोकांचं देऊळ एकमेकाला खेटून हाय. कुणी कुणाकडं वळून बघत न्हाय. म्या मात्र समद्यांकडं बघायले.

पयल्याच दिवशी फजिती. आजीनं जेवायला वाढलं. रोटी म्हणतेत, दिसायला पुरणपोळीवानी पण आत तिखट डाळ. संगं कोंबडी, बटाटा आन हातभर लांब शेंगा. दोन घासांत संपलं. आजी म्हणली, "अउर खैबे?" म्या मान हालवली, नको म्हणून. आन आजीनं ताट उचललं! आत्या, उचलून धुयाला टाकलं! म्या हात तसाच धरून बसले. मग दादाच्या खोलीत येऊन बिस्किटाचा आख्खा पुडा फोडला.

पण खरी गोष्ट पुढंच. दर साली सुट्टीत आजी आन गल्लीतली माणसं जंगलात जातेत. गाडीनं नदीपत्तोर, मग लांब होडीनं वर वर, पार आत. चार-पाच दिस. दादा होड्यांची इंजनं दुरुस्त करतो, त्येला ह्याच दिवसांत काम लई, त्येला सुट्टी न्हाय. म्हंजे जंगल बघायचं तर मला आजीसंगंच जावं लागनार, दुसरी वाट न्हाय. दादा म्हणतो, आजी तुला इचारनार हाय.

आत्या, म्या ह्याच्यासाठीच एवढ्या लांब आले. महिन्याभरानं माघारी यायचं तिकीट हाय. जंगल न बघता आले तर आपल्या ईट गावात तोंड कसं दाखवू?

तुमची भाग्यश्री


ईट
५ ऑगस्ट

चि. भागीस सुमनआत्याचा आशीर्वाद आन जयभीम.

तुझं पत्र बजरंगनं केवढं छापलं, दोन पानाचं सात पान झालं. भिंतीला लावलं असतं तर रस्त्यावरनं वाचता आलं असतं. (बजरंग म्हणायलाय, "आत्या, म्या वाचलं न्हाय, पण भागीनं बिस्किटं खाया नको हुती.")

पोरी, तू नको म्हणलीस ते बरं केलंस. म्या तुला वाढवलं त्ये वाया गेलं न्हाय. पयल्या खेपेला नको म्हणायचं. दुसऱ्या खेपेला "कशाला तकलीफ" म्हणायचं. तिसऱ्या खेपेला घ्यायचं, त्येबी अर्धंच. पयल्याच खेपेला हात पुढं केला तर लोक म्हणतेल, सुमनबाईनं पोरीला उपाशी ठिवलं हुतं. शेजारच्या लक्ष्मीबाईच्या घरी म्या चहाला चार खेपा नको म्हणते, आन पाचव्या खेपेला दोन कप पेते. ती आजी म्हातारी हाय, पुन्हा इचारायचं इसरली आसल. तू धीर धर.

जंगलाचंबी तसंच. ती इचारल. तू एकदम उडी मारू नको. परक्या मुलकात आपली किंमत आपन ठिवायची.

शेळ्या बऱ्या हायेत. काळी तुझी वाट बघते, दारात उभी ऱ्हाते. म्या आंगणवाडीतनं रिटायर झाले तरी लेकरं घरी येतेत आन इचारतेत, भाग्यश्रीतायनं वाघ बघितला का. म्या म्हणलं, बघितला, पण वाघच लाजला.

तुझी आत्या


पारामारिबो
१० ऑगस्ट

आत्यास जयभीम.

आत्या, तुमच्या पत्रानं मला जोर आला. आता ऐका, काय काय झालं!

आज ऐतवार. सकाळी दादा मला मैदानावर घिऊन गेला. तिथं बाप्ये लोक पिंजरे घिऊन येतेत. पिंजऱ्यात अंगठ्याएवढं काळं पाखरू. दोन पिंजरे शेजारी शेजारी टांगायचे आन कुणाचं पाखरू जास्ती बोलतं त्ये खडूनं पाटीवर मोजायचं. जास्ती बोलनाऱ्याला बक्षीस! बिहाराकडचा म्हातारा, चिनी दुकानदार, काळा पोलीस, समदे मान वाकडी करून पाखराकडं बघायलेत, कुणी शिंकतबी न्हाय. दादा माझ्या कानात म्हणला, "तुला पिंजऱ्यात ठिवलं तर आपन हरलाव." म्या त्येला चिमटा काढला.

काल सुट्टी हुती. जावाचे लोक पयल्यांदा हितं आले तो दिवस, आन इथल्या मूळच्या आदिवासी लोकांचाबी दिवस, एकाच तारखेला दोन सण! वागियेम काकूनं अंगणात समद्यांना जेवाय घातलं. मांसाचे तुकडे काडीला लावून भाजलेले, वरनं शेंगदाण्याच्या कुटाचं घट्ट कालवण. शेंगदाणा, आत्या! वासानं मला आपली चूल आठवली. काकूनं ताटली माझ्याम्होरं धरली. म्या तुमच्या सांगण्यापरमानं मान हालवली. काकू गोड हासली आन ताटली पुढच्या बाईला दिली. ती बाई खात खात माझ्याकडंच बघायली हुती.

पण त्ये जाऊ द्या. आजीनं इचारलं!!

म्या तिच्याजवळ बसले हुते. आजी म्हणली, "भागी, जंगल चलबे?" आत्या! पायाची बोटं वळली. तरी म्या तोल सोडला न्हाय. म्या म्हणले, "नहीं आजी, म्या कशाला, आपको तकलीफ." आजी म्हणली, "अच्छा." आन शेंगा मोडायला लागली.

आता पयली खेप झाली. दोन राहिल्या. ती लोकं २१ तारखेला निघनार हायेत, म्हंजे येळ हाय. उद्या-परवा आजी इचारलच. तवर म्या तिच्या हाताशीच ऱ्हाते. शेंगा मोडते, कपडे वाळत घालते, तिच्या डोळ्याम्होरनं येते-जाते, म्हंजे तिला इचारायला सोपं.

तुमची भाग्यश्री


ईट
१३ ऑगस्ट

चि. भागीस आशीर्वाद.

शाब्बास! बजरंगनं पत्र दुकानातच मोठ्यानं वाचलं, कारण म्या चष्मा घरी इसरले. समद्या स्टँडावर कळलं की सुमनबाईची भागी जंगलात चालली. लक्ष्मीबाई म्हणली, एक पीस आन माझ्यासाठी, मोठ्या पाखराचं. म्या म्हणलं, आनल की.

आता ध्यानात ठिव. दुसऱ्या खेपेला हळूच हास. तिसऱ्या खेपेला लगेच व्हय म्हण, चवथी खेप समदे लोक धरत न्हायत. होडीत मधी बस, कडंला बसू नको. पाण्यात हात घालू नको. जंगलात गेल्यावर कुणाच्या म्होरं जांभई देऊ नको, आत काय जाईल सांगता येत न्हाय.

निघालीस की कळव. आमी समदे वाट बघायलाव.

तुझी आत्या


पारामारिबो
१६ ऑगस्ट

आत्या,

आजीनं इचारलंच न्हाय.

म्या रोज तिच्याजवळ बसले. एवढ्या शेंगा मोडल्या की तुळजापूरच्या सगळ्या लॉजची जेवणं निघतील. तिच्या कानातल्या बाळ्या डबीतनं काढून पुसून दिल्या. तिच्याम्होरं उभं राहून खिडकीतनं झाडाकडं बघत "किती मोठं झाड, जंगलात आजून मोठी असतील" असं हिंदीत म्हणले. म्या! सोताहून! ती म्हणली, "हां, बहुत बडा." बस्स.

आज माझी जागा वागियेम काकूच्या भावजयीला दिली. गाडीत जागा मोजून, होडीत जागा मोजून. झालं.

म्या दादाला इचारलं, आजीला माझा राग आला का? त्यो म्हणला, "राग कशाचा? तू न्हाय म्हणलीस ना?" म्या म्हणलं, "त्ये पयल्या खेपेचं 'नको' हुतं!" दादा कपाळाला हात लावून बसला. म्हणला, "भागे, इथं एकदाच इचारतेत. न्हाय म्हणलं की न्हाय. पुन्हा पुन्हा इचारलं तर माणसाला उगं बेजार केल्यावानी वाटतं त्येंला."

मग म्हणला, "म्या सांगू का आजीला?"

माझ्या तोंडातनं गेलं, "नको."

आन दादा म्हणला, "बरं." आन गेला कामाला!!

आत्या, त्योबी आता इथलाच झालाय!

म्या तुमच्यावर रागावले हाय. तुमीच म्हणलाव धीर धर. आता धीरच हाय माझ्याजवळ, जंगल न्हाय. एवढे समुद्र वलांडून म्या काय शेंगा मोडायला आले?

भाग्यश्री


ईट
१८ ऑगस्ट

माझ्या भागे,

तुझं पत्र वाचून भाकर तव्यावर करपली. तू रागाव. रागावायचाच हक्क हाय तुझा.

आता एक गोष्ट सांगते. ही कुणाला सांगितली न्हाय. बजरंगला म्हायती हाय, कारण त्येच्याच दुकानात घडली, पण त्येला त्येचा अर्थ आजून कळला न्हाय. आता छापताना कळल.

तिकिटाचं तुझ्या दादानं, प्रसेनजितनं, पयलं मला इचारलं हुतं. बजरंगच्या फोनवर फोन आला. मला ऐकू येईना, तर बजरंग माझ्या कानात वरडला, "आत्या, प्रसेनजित म्हणतोय सुरीनामला फिरायला येता का?" म्या म्हणलं, "नको बाबा. म्या म्हातारी कुठं येते. तू भागीला न्ये." बजरंगनं त्येला सांगितलं. त्यो म्हणला, "बरं आत्या, मग भागीला आनतो."

म्या त्येला वाढवलेलं. त्येला ठाऊक पायजे हुतं. म्या दोन दिस बजरंगच्या दुकानाम्होरनं उगंच चकरा मारल्या. एकदा आधारकार्डाची झेरॉक्स काढली, काय कारण न्हाय. फोन वाजला की आत डोकवायची. बजरंग म्हणायचा, "आत्या, आजून काय झेरॉक्स?" पुन्हा कुणी इचारलं न्हाय.

तू गेलीस त्येचा मला आनंदच हाय. खरंच हाय. तुझं इमान उडालं त्या दिवशी म्या गावात गुळ वाटला. पण म्या नागपूरच्या पुढं कवा गेले न्हाय, आन मला समुद्र वरनं कसा दिसतो त्ये बघायचं हुतं. एक नको म्हणलं आन घरी बसले. तू बसू नको.

नववीत तोंडी परीक्षेला उभं ऱ्हायाचं म्हणून तू शाळाच सोडलीस. तवा म्या तुला बोलले न्हाय, म्हणलं लेकरू हाय, भितंय. आता म्या बोलते. तुला आता कुणी इचारनार न्हाय. तूच उठ, त्या आजीम्होरं जाऊन उभी ऱ्हा आन सांग, मला यायचंय. खेपा मोजू नको. म्या शिकवलेलं त्ये हितं ईटमधी चालतं, तिथं चालत न्हाय, त्येला म्या काय करू.

आत्या

ता.क. बजरंग रडायलाय. त्येला म्हणलं, शाई वलवू नको.


पारामारिबो
२० ऑगस्ट

आत्या!

सांगितलं! म्या सांगितलं!

तुमचं पत्र वाचलं आन तशीच स्वयंपाकघरात गेले. आजी तांदूळ धुवायली हुती. माझं तोंड उघडलं पण आवाज न्हाय. आजी म्हणली, "का भइल?" म्हंजे काय झालं. म्या पुन्हा उघडलं, न्हाय. मग म्या डोळे झाकले. डोळे झाकले की कागदावर लिहिल्यावानी वाटलं. आन म्हणले, "आजी, मुझे जंगल जाना है. मैंने 'नहीं' बोला, वो झूठा वाला 'नहीं' था. वो पहला वाला 'नहीं' था."

आजीला काय कळंना. मग म्या बोटावर मोजून दाखवलं. पयलं नको, दुसरं नको, तिसऱ्याला व्हय. आजी म्हणली, "तो रोटी भी?" म्या म्हणलं, रोटी भी. "भूखी सुतले?" म्हंजे उपाशी निजलीस का. म्या म्हणलं, बिस्कुट खाया. आत्या, आजी एवढी हासली की तांदळाचं पाणी सांडलं. तिनं कुंपणावरनं वागियेम काकूला हाक मारली आन समदं सांगितलं. काकू म्हणली, तिची आईबी जावाच्या रिवाजापरमानं असंच करायची, आन काकूच्या बापानं त्या आईला लग्नाचं इचारलं, तिनं लाजून न्हाय म्हणलं, तर बाप दुसरीकडं इचारायला निघाला हुता, तिला पळत जाऊन त्येला आडवावं लागलं. दोघी हासून हासून कुंपण धरून उभ्या.

मग आजीनं डोळे पुसले आन म्हणली, पण पोरी, जागा गेली. गाडीत तुला कसंबसं घेते, बर्फाची पेटी मांडीवर ठिवशील तर. होडीचं माझ्या हातात न्हाय. होडीवाला मोजूनच माणसं घेतो, त्येला तोलाचं भ्या असतं. त्यो न्हाय म्हणला तर त्याच गाडीनं सांच्याला माघारी यायचं. चलबे?

आत्या, म्या तिचं "चलबे" पुरं हून दिलं न्हाय.

दादानं तुमचं पत्र वाचलं. फोटू त्येच्याच फोनवर येतो ना. पुन्हा पयल्यापासनं वाचलं. मला म्हणला, "आत्याला खरंच यायचं हुतं?" म्या म्हणलं, "व्हय." त्यो म्हणला, "मग म्या पुन्हा का इचारलं न्हाय?" 

उद्या निघायलाव. होडीवाला घेईल का न्हाय म्हायती न्हाय.  तिथं फोन लागत न्हाय, म्हणून पत्राची वाट बघू नका.

तुमची भाग्यश्री


ईट
२५ ऑगस्ट

भागे, तू म्हणलीस वाट बघू नका. म्या बघायले. होडीवाल्यानं घेतलं का? माघारी आली असतीस तर पत्र आलं असतं, म्हणून पत्र येईना त्येचा आनंद हाय, आन पत्र येईना त्येचं भ्याबी हाय. लक्ष्मीबाई म्हणते पीस ऱ्हाऊ दे, पोरगी येऊ दे. लिही.

आत्या


पारामारिबो
२७ ऑगस्ट

आत्यास जयभीम! जयभीम! जयभीम!

म्या जंगलातनं आले! आता बसा. चष्मा लावा. बजरंग, पान मोठं छाप, ह्या पत्राला शाई लागनार हाय.

गाडीत बर्फाची पेटी मांडीवर. माझे पाय सुन्न झाले, पण म्या हूं का चूं केलं न्हाय. डांबरी सडक, दोन्ही बाजूला झाडं, तासन्‌तास. मग सडक संपली. एकदम. म्होरं नदी. काठाला लांब लांब होड्या, आपल्या एसटीएवढ्या लांब पण हाताएवढ्या अरुंद, रंगीबेरंगी. माणसं, पोती, गॅसच्या टाक्या, कोंबड्या, सिमेंट, समदं होडीतनंच जातं, कारण पुढं सडकच न्हाय. जंगलातल्या गावांचा स्टँडच तो!

आजीनं होडीवाल्याला माझं सांगितलं. उंच काळा माणूस, टोपी घातलेला. त्यानं माणसं मोजली, अंगात घालायची फुगीर जाकिटं मोजली, आन मान हालवली. आजी आजून बोलली. त्यानं पुन्हा मान हालवली. आमच्या गाडीवाल्यानं गाडी वळवून लावली, मला माघारी न्ह्यायला. समदे होडीत बसले. काठाला म्या एकटी, मांडीवरनं उतरवलेली पेटीबी गेली होडीत.

आत्या, काठावर लई माणसं हुती. अनोळखी. समदी माझ्याकडं बघायली.  म्या गाडीकडं एक पाऊल टाकलंबी. आन मग काय झालं म्हायती न्हाय, म्या वळले आन मराठीत वरडले. मराठीत! "ओ होडीवाले दादा! म्या ईटहनं आले! समुद्र वलांडून आले! म्या जड न्हाय, बघा की, शेळीएवढी हाय! मला जंगल बघायचंय! न्हाय म्हणू नका!"

 काठाच्या कोंबड्या फडफडल्या. होडीवाला हासला. म्हणला कायतरी. आजीनं होडीतनं सांगितलं, त्यो म्हणतो पोरगी चांगली हाय पण जाकीट न्हाय. खरंच नव्हतं. त्येचा तरी काय दोष.

शेजारच्या होडीत एक बाई बसली हुती, जाडजूड, डोक्याला फडकं, भवती पोती. तिला माझी भाषा येत न्हाय, मला तिची न्हाय. तिनं एक पोतं पायानं सरकवलं, पोत्याखालनं एक जुनं जाकीट वढून काढलं, आन फळीवर हात आपटला. हितं बस. एकदाच.

म्या दुसऱ्यांदा हात आपटायची वाट बघितली न्हाय.

तिचं नाव दीना. म्या तिला मावशी म्हणायला लागले, तीबी मला "मावशी" म्हणायला लागली. दोन्ही होड्या एकाच गावाला निघाल्या हुत्या, आजीची पुढं, आमची मागं. आत्या, नदीचं पाणी दूध न घातलेल्या चहावानी. मधी मधी काळे दगड, पाणी तिथं उकळल्यावानी उसळतं. पुढं एक माणूस काठी घिऊन उभा, काठीनं दगडाला ढकलतो आन होडी साप वळल्यावानी वळते. पाणी तोंडावर आलं. म्या किंचाळले. मावशी हासली. पुढच्या दगडाला म्या मुद्दाम किंचाळले! पाण्यात हात घालू नको म्हणला हुताव. घातला. बोटं हायेत जागेवर.

आन जंगल. कसं सांगू? आपल्याकडं झाड दिसतं. तिथं झाड दिसतच न्हाय, नुसता हिरवा डोंगर उभा काठाला, आन त्यातनं आवाज येतेत. एक निळं फुलपाखरू होडीवरनं गेलं, माझ्या तळहाताएवढं. पयल्या सकाळी म्या झोपडीत झोळीत निजलेली, एकदम असा आवाज की वाघच. म्या मावशीला धरलं. मावशीनं हातानं दाखवलं, एवढंसं माकड हाय. आंगणवाडीतल्या लेकरांना सांगा, वाघ न्हाय, माकड, पण आवाज वाघाच्या बापाचा.

मावशीच्याच गावात आजी लोक उतरले हुते. गावात शिरताना वाळल्या झावळ्यांचं तोरण, त्याखालनं वाकून जायचं, म्हंजे वंगाळ बाहेर ऱ्हातं. बाया रंगीत कापडाच्या पट्ट्या जोडून कमरेला गुंडाळायचं शिवतेत, आपल्या गोधडीची बहीणच. म्या सुई मागितली. मागितली, आत्या! एक पट्टी म्याबी जोडली. माझा टाका बघून एका म्हातारीनं तोंडानं टक् केलं आन दुसरीला दाखवलं. चांगलं का वाईट म्हायती न्हाय, पण दुसरी पट्टीबी मलाच दिली.

म्या समद्याला व्हय म्हणायचं ठरवलं हुतं. मासा? व्हय. आजून? व्हय. कंदाच्या पिठाची केवढी मोठी भाकर करतेत, सुपाएवढी, कडक! तीबी व्हय. एकदा मावशीनं कायतरी इचारलं, म्या व्हय म्हणले, तर तिनं पाठीला टोपली बांधली आन शेतात कंद उपटायला न्हेलं. दुपारपत्तोर! हात फोडानं भरले. आजी म्हणली, "अब 'नहीं' भी सीख." मग म्या त्येबी शिकले. दुसऱ्या दिवशी टोपली दिसली की म्या म्हणले, न्हाय. मावशी म्हणली बरं, आन एकटीच गेली. राग न्हाय, रुसवा न्हाय, काय न्हाय. आत्या, किती सोपं हाय हे!

माघारी येताना मावशी काठापत्तोर आली. म्या तिला म्हणले, ईटला या. तिला कळलं न कळलं, पण तिनं मान डोलावली. पयल्याच खेपेला. म्हंजे ती खरंच येईल, तयारी ठिवा.

लक्ष्मीबाईला पीस आनलंय, लाल, मावशीच्या अंगणात पडलेलं.

पुढच्या आठवड्यात म्या येते. खाली दादाला लिहायचंय म्हणून जागा सोडते.

तुमची भाग्यश्री

*आत्या, जयभीम. दुसऱ्यांदा इचारतो. सुरीनामला येता का? तुमचा, प्रसेनजित.*


ईट
३० ऑगस्ट

चि. भागीस आन चि. प्रसेनजितास आशीर्वाद.

पत्र बजरंगनं सतरा पानं छापलं. दुकानाम्होरं बाकडं टाकलं, लक्ष्मीबाई आली, स्टँडावरचे चहावाले आले, म्या सोता मोठ्यानं वाचलं. तू होडीवाल्याला वरडलीस तिथं समद्यांनी टाळ्या वाजवल्या. चहावाला म्हणला, "ही आपली भाग्यश्री? जी दूध घ्यायला आली की पैसे ठिवून पळते ती?" म्या म्हणलं, तीच, आता जरा जपून ऱ्हावा, माघारी यायलीय.

मग शेवटचं पान आलं. प्रसेनजितचं. म्या वाचलं आन चष्मा काढला. समदे माझ्याकडं बघायलेत. बजरंग म्हणला, "आत्या, दुसरी खेप हाय. आता 'कशाला तकलीफ' म्हणायचं, मग तिसरी यील." लक्ष्मीबाई म्हणली, "एकदम व्हय म्हणू नको गं सुमन, बरं दिसत न्हाय."

बाळा प्रसेनजित, त्या दिवशी म्या नको म्हणले ते तू खरं धरलंस. तुझी चूक न्हाय. तिथं तसंच धरतेत.

तर ऐक. व्हय. तिसरी खेप तुझ्याजवळच ऱ्हाऊ दे. पासपोर्टाला काय काय लागतं त्ये कळव, आधारकार्डाची झेरॉक्स माझ्याजवळ तयारच हाय. शेळ्या लक्ष्मीबाई बघनार हाय. तिला म्या इचारलं, एकदाच. ती नको म्हणली. म्या म्हणलं बरं, आन उठले, तर चप्पल घालेपत्तोर मागं पळत आली.

इमानात मला खिडकीची जागा पायजे. आन दीनाच्या होडीत पुढं बसनार, मधी न्हाय.

तुमची आत्या,
सुमन